गावाने स्वतः आखलेली रेषा

(‘महागाई आणि समाजाची अर्थरचना’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



महागाई हा विषय कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर तो घरात येतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याच्या यादीतून बोलतो आणि जून महिन्यात शाळेच्या शुल्काच्या पावतीवर ठळक अक्षरांत उमटतो. त्यावर समाजाच्या दोन मागण्या ठरलेल्या असतात. भाव खाली आणा, ही पहिली. उत्पन्न वाढवून द्या, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. पण दोन्ही दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून केलेल्या आहेत. एकत्र राहणाऱ्या माणसांच्या हातात या बाबतीत काही असते की नाही, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जो समाज तो विचारतो, तो आपले भवितव्य आखू लागतो. असा प्रश्न विचारणाऱ्या आणि त्याचे उत्तर कृतीने देणाऱ्या एका लहानशा गावाची ही कथा आहे.

गरीब कोणाला म्हणावे? आपल्या देशात हे ठरवण्यासाठी वेळोवेळी समित्या नेमल्या गेल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साली ग्रामीण भागासाठी दरडोई दरमहा ८१६ रुपये आणि शहरी भागासाठी १००० रुपये अशी रेषा निश्चित झाली. त्यावर देशभर वाद झडले, अग्रलेख लिहिले गेले. परंतु त्याच्या काही वर्षे आधीच महाराष्ट्रातील एका गावाने कोणत्याही समितीची वाट न पाहता आपली स्वतःची दारिद्र्यरेषा आखली होती. ज्या घराला दोन वेळचे पोटभर जेवण, मुलांचे शिक्षण आणि औषधोपचार यांसाठी वर्षाला दहा हजार रुपये खर्च करता येत नाहीत, ते घर या गावाच्या हिशेबी गरीब. ही रेषा त्या वेळच्या सरकारी रेषेच्या जवळजवळ तिप्पट उंचीची होती. सरकारी रेषा खाली असली की गरिबांची संख्या कमी दिसते. रेषा वर नेली की समाजाची जबाबदारी वाढते. या गावाने जबाबदारी वाढवून घेतली.

त्या गावाचे नाव हिवरे बाजार.

बहात्तरचा घाव

जुन्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हे गाव. पर्जन्यछायेचा प्रदेश. चांगल्या वर्षीही चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. लोकसंख्या जेमतेम बाराशे-तेराशे. भोवती डोंगर, पण ते उघडेबोडके झालेले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे कंबरडे मोडले, त्यात हे गावही मोडले. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, तरुण मुंबई-पुण्याच्या वाटेला लागले. जे मागे राहिले त्यांच्यातील काहींनी दारूच्या भट्ट्या पेटवल्या. भांडणतंटे, कोर्टकचेऱ्या वाढल्या. सरकारी नोकरांच्या लेखी या गावातील बदली म्हणजे शिक्षा ठरली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दुष्काळ पावसाचा होता. परंतु पाऊस पुन्हा पडू लागला तरी गाव उभे राहिले नाही. कारण माणसे एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय हरवली होती. पाणी आटते तेव्हा विहीर रिकामी होते, सवय आटते तेव्हा गाव रिकामे होते.

१९८९ साली गावातील तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंचपदासाठी पुढे केले. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, क्रिकेटच्या मैदानावर नाव काढण्याची उमेद बाळगणारा हा तरुण. घरच्यांच्या कल्पनेत त्याचे भवितव्य शहरात होते. तो गावात राहिला. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु आरंभीच्या दिवसांत पुढ्यात होते ते गावाचे दारिद्र्य आणि गावकऱ्यांचा अविश्वास.

आधी काय केले?

अर्थकारणाचा आरंभ कोठून करावा? पुस्तकी उत्तर असे, की भांडवलापासून. हिवरे बाजारने तो शाळेपासून आणि दारूबंदीपासून केला. यात नुसता नैतिक आग्रह नव्हता, रोकडा हिशेब होता. ज्या घरातील कमाई संध्याकाळी भट्टीवर जाते, त्या घराचे उत्पन्न दुप्पट केले तरी भट्टीचेच उत्पन्न दुप्पट होते. गळका रांजण भरण्याआधी त्याचे छिद्र बुजवावे लागते. आणि भट्टीवाल्यांना केवळ हुसकावून लावले गेले नाही. पर्यायी व्यवसायासाठी त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. काल दारू गाळणारा माणूसही गावाचाच घटक आहे, हे भान त्या निर्णयामागे होते.

१९९४ साली गाव राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले. या योजनेची पंचसूत्री आपल्याला परिचित आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने ती आधीच आचरून दाखवली होती. मग पाच वर्षांचा आराखडा झाला. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले, मातीचे आणि दगडांचे बांध पडले, पाझर तलाव झाले. पैसा प्रामुख्याने रोजगार हमी योजनेचा होता.

जाणकार येथे विचारतील, की रोजगार हमीच्या पैशांतून चर तर हजारो गावांत खोदले गेले, मग तेथे हिवरे बाजार का झाले नाही? प्रश्न अचूक आहे. इतरत्र पुष्कळदा चर मजुरीसाठी खोदला गेला आणि मजुरी वाटून झाली की विसरला गेला. येथे चर कोठे खोदायचा हे ग्रामसभेने ठरवले. आणि तो खोदल्यावर त्याच्यावरचे गवत जनावराच्या तोंडी जाणार नाही, त्याच्या काठचे झाड कुऱ्हाडीखाली जाणार नाही, याची राखणही गावानेच केली. सरकार खोदू शकते, राखू शकत नाही. राखणे हे समाजाचेच काम आहे.

बंधनाची किंमत कोणी मोजली?

बंदी हा शब्द उच्चारायला सोपा आहे. परंतु प्रत्येक बंदीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि बहुधा ती गरिबाला आधी मोजावी लागते. चराईबंदी झाली तेव्हा बागायतदाराचे फारसे बिघडत नव्हते. चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्याचे बिघडत होते. हा पेच दुर्लक्षून गावाला पुढे जाता आले नसते. तोड अशी निघाली, की जनावर डोंगरावर जाणार नाही, पण विळा जाईल. गवत कापून आणावे आणि गोठ्यात घालावे. डोंगराला विश्रांती मिळाली आणि त्याने तिची परतफेड केली. २००० साली शंभर टनांच्या घरात असलेले गवताचे उत्पादन २००४ पर्यंत सहा हजार टनांवर गेले. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास गावातून दिवसाला दीडशे लिटर दूध जात होते; पुढील सुमारे दहा वर्षांत ते चार हजार लिटरच्या पुढे गेले. ज्या शेळीवाल्याला बंदीचा फटका बसणार होता, त्याच्या दारात गाय बांधली गेली. ज्या घराला चारा विकत घ्यावा लागत नाही, त्या घराला चाऱ्याच्या भाववाढीची झळही कमी लागते.

दुसरी बंदी अधिक कठीण होती. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याला हे कसे पटावे? जमीन त्याची, पैसा त्याचा. परंतु जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. उघड्या विहिरीत सगळ्यांना पातळी दिसते. बोअर कोणाच्या ताटातले ओढून घेते ते कोणालाच दिसत नाही. सामाईक खात्यातून एकट्याने गुपचूप पैसे काढण्यासारखाच तो प्रकार आहे. गावाने तो नाकारला. उघड्या विहिरींची संख्या मात्र ९७ वरून २१७ झाली आणि त्या भरल्या.

तिसरा निर्णय तर नगर जिल्ह्याच्या संदर्भात धाडसाचाच म्हणावा लागेल. ऊस आणि केळी ही पाणी पिणारी नगदी पिके घ्यायची नाहीत! ज्या जिल्ह्यात पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करून १९५० साली देशाला नवी वाट दाखवली, त्या जिल्ह्यात ऊस म्हणजे समृद्धीचे दुसरे नाव. मात्र प्रवराकाठाला कालव्याचे पाणी होते, हिवरे बाजारला फक्त आभाळाचे. दुसऱ्याच्या समृद्धीची नक्कल न करता आपल्या ऐपतीचा हिशेब मांडणे, यालाच नियोजन म्हणतात. गावाने कांदा, बटाटा, भाजीपाला, फुले, ज्वारी-बाजरी आणि दूध यांवर आपली घडी बसवली.

पाण्याचा ताळेबंद

२००४ पासून गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्यास आरंभ केला. पर्जन्यमापकांवर पाऊस मोजला जातो, निरीक्षण विहिरींची पातळी नोंदली जाते आणि पावसाळा संपल्यावर गावासमोर जमेची बाजू ठेवली जाते. मग खर्च ठरतो. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, माणसांच्या आणि जनावरांच्या. दुसरा घरवापराचा. उरलेल्या पाण्यातील सत्तर टक्के शेतीला आणि तीस टक्के जमिनीतच राखून ठेवायचे, पुढच्या वर्षासाठी. कमी पावसाच्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी करायचे, हे त्यातूनच ठरते.

या तीस टक्क्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. त्या पाण्यावर त्या वर्षी कोणाचाही हक्क नाही. ते अजून न आलेल्या वर्षाचे आहे. कांद्याला चढा भाव असताना विहिरीत दिसणारे पाणी न उपसणे, हा साधा संयम नाही. आपल्या घरातील गृहिणी महिन्याच्या खर्चातून चार पैसे डब्यात बाजूला टाकते आणि घरावर प्रसंग आला तरच तो डबा उघडते. हिवरे बाजारने तो डबा गावाचा केला.

फलित काय? गावाच्या नोंदीनुसार १९९५ साली १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ च्या पाहणीत ती ५३ झाली आणि पुढील बारा वर्षांत केवळ तीनच्या घरात आली. शहरात गेलेली अनेक कुटुंबे परतली. ज्या वाटेने गाव रिकामे झाले होते, त्याच वाटेने ते पुन्हा भरू लागले.

अभाव सरल्यानंतरची परीक्षा

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाविषयी केलेले विवेचन या ठिकाणी मार्गदर्शक ठरते. अर्थाचा अभाव जसा समाजाला धर्मापासून ढळवतो, तसाच अर्थाचा प्रभावही ढळवतो, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणून दोहोंमधील संतुलनाला त्यांनी महत्त्व दिले. हिवरे बाजारने अभावाची लढाई जिंकली. आता दुसरी परीक्षा चालू आहे. आणि ही परीक्षा एकट्या हिवरे बाजारची नाही, आपल्या सर्वांची आहे.

कारण महागाईचे स्वरूपच बदलले आहे. केंद्र सरकारच्या कुटुंबखर्च पाहणीनुसार १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चातील ५९ रुपये अन्नावर जात. २०२३-२४ साली हा वाटा सुमारे ४७ रुपयांवर आला. त्याच वर्षी ग्रामीण दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये नोंदवला गेला. अन्नाचा वाटा घटला, ही प्रगतीची खूण खरीच. परंतु याचा दुसरा अर्थ असा, की अर्ध्याहून अधिक खर्च आता प्रवास, औषधे, शिक्षण, कपडेलत्ते, वस्तू आणि समारंभ यांवर होतो. जुनी महागाई शेतात आणि चुलीपाशी होती. तिला पाणी, चारा आणि धान्य यांनी तोंड देता येत होते. नवी महागाई इस्पितळात, महाविद्यालयाच्या खिडकीपाशी आणि मंगल कार्यालयात उभी आहे. समतल चर खोदून ती अडत नाही.

शेतकऱ्याची अडचण तर दुहेरी आहे. कांदा विकताना भाव दुसरा ठरवतो आणि डिझेल, खते, औषधे घेतानाही भाव दुसराच ठरवतो. दोन्ही टोके हातात नसताना मधला हिशेब जुळवायचा, ही त्याची रोजची कसरत. अशा वेळी जमीन विकण्याचा मोह होतो. शहर जवळ, रस्ता चांगला, भाव तोंडात बोटे घालायला लावणारा. एका विक्रीत मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण, दोन्ही निघून जातात. गावातील जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हा निर्णय हिवरे बाजारने घेतला तो याच मोहाला ओळखून. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीला पुरतो. जमीन मात्र पुढच्या साऱ्या पिढ्यांची जाते.

तरीही प्रश्न उरतोच. ज्या कुटुंबाला खरोखरच आजारपणासाठी पैसा हवा आहे, त्याला गावाने ‘विकू नको’ म्हणायचे असेल, तर ‘आम्ही आहोत’ हेही म्हटले पाहिजे. निर्बंध आणि आधार ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. निर्बंध एकटाच उरला की तो जुलूम होतो. शेळीवाल्याला बंदीबरोबर गवत मिळाले, भट्टीवाल्याला बंदीबरोबर कर्ज मिळाले, म्हणून ती बंधने टिकली. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या समाजाला उद्या आजारपणाचा, शिक्षणाचा आणि लग्नकार्याचाही ताळेबंद मांडावा लागेल.

आणखी एक आक्षेप घेतला जातो, की हे सारे एका माणसावर उभे आहे. नेतृत्वाचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. आदर्श गाव योजनेत पुष्कळ गावे आली, प्रत्येक गाव हिवरे बाजार झाले नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु नेता सुचवतो आणि ग्रामसभा ठरवते, तेव्हा निर्णय माणसाकडून समाजाकडे जातो. तो खरोखर गेला का, याची कसोटी पुढची पिढी देईल. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला नाही, त्या नातवंडांना ते तीस टक्के पाणी राखून ठेवावेसे वाटते का? गावाचे भवितव्य या एका प्रश्नात सामावले आहे.

बारीपाड्याची साक्ष

हे केवळ मैदानी शेतीच्या गावातच घडते असे नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा वनवासी पाडा आहे, सुमारे शंभर घरांचा. भोवतीचे जंगल तुटले, झरे आटले आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडू लागली. १९९० च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार या उच्चशिक्षित तरुणाने वनवासी कल्याण आश्रमाच्या प्रेरणेने गावकऱ्यांना एकत्र केले. जल, जंगल, जमीन, जन आणि जनावर या पाच गोष्टींचा एकत्रित विचार झाला. गावाने सुमारे चारशे हेक्टर जंगल राखले. वृक्षतोडीला दंड बसला. मुलांनी शाळेत जावे यासाठीही नियम झाले. २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या पाड्याचे नाव देशभर पोहोचले.

बारीपाड्यात २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. शहरातील पाहुण्याला ती गंमत वाटेल; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ती गांभीर्याने पाहावी. कोणती भाजी कोठे उगवते, कोणती कशी शिजवायची, कोणती कोणत्या दुखण्यावर चालते, हे ज्ञान माता-भगिनींपाशी आहे. जंगल राखले तर ती भाजी फुकट मिळते. ज्ञान विसरले तर तीच भाजी डोळ्यांसमोर असूनही पैसे देऊन बाजारातून दुसरी आणावी लागते. बारीपाड्यातील भगिनींच्या हातचा हा वाटा कोणत्याही उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहिला जात नाही. पण ज्या दिवशी तो नाहीसा होईल, त्या दिवशी घराचा खर्च तेवढ्याने वाढेल.

दोन गावे, एक नगरच्या माळावरचे, एक सह्याद्रीच्या रांगेतले. जात वेगळी, पीक वेगळे, पाऊस वेगळा. तरी दोघांच्या नियोजनाचा आरंभ एकच आहे. अधिक कसे मिळवावे, हे दोघांनी नंतर विचारले. आपल्याजवळ काय आहे आणि ते कशामुळे निसटते, हे आधी विचारले.

आपला हिशेब

येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ना डोंगर आहे, ना जंगल. कोणी चाळीत राहतो, कोणी गृहनिर्माण संस्थेत, कोणी नव्या वस्तीत. परंतु शंभर-दीडशे घरांची गृहनिर्माण संस्था ही लोकसंख्येच्या दृष्टीने बारीपाड्याएवढीच असते. फरक एवढाच, की बारीपाडा एकत्र बसतो आणि संस्थेची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते.

आपल्या वस्तीच्या छतावर पडणारे पावसाचे पाणी कोठे जाते? उन्हाळ्यात टँकरवर किती पैसे जातात? वर्षभराचे धान्य पन्नास घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून घेतले तर शेतकऱ्याला किती अधिक मिळेल आणि घराचे किती वाचेल? वस्तीतील कोणाला एकाएकी शस्त्रक्रिया करावी लागली तर त्याने सावकाराचे दार गाठण्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे, अशी काही व्यवस्था आहे का? लग्नातील जेवणावळीची मर्यादा वस्तीतील सधन घरांनी आपणहून आधी पाळली, तर मध्यम परिस्थितीच्या घरांवरचे दडपण किती कमी होईल? यांतील एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी शासनाच्या निर्णयाची गरज नाही. सेवेचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत या प्रश्नांची वही उघडली, तर महागाईवरच्या दहा निषेधसभांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

शासनाला यातून मोकळीक मिळते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शेतमालाला न्याय्य भाव, परवडणारे उपचार आणि चांगल्या सरकारी शाळा ही शासनाचीच जबाबदारी आहे आणि ती ठामपणे मागितली पाहिजे. परंतु ज्या समाजाला आपला हिशेब ठाऊक असतो, त्याच्याच मागणीला वजन येते.

या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. त्यांनी बांधलेल्या विहिरी, बारवा आणि घाट आजही देशभर उभे आहेत. बारव बांधणारा माणूस केवळ आपल्या तहानेपुरता खोदत नाही. हिवरे बाजारचे गावकरी दरवर्षी तीस टक्के पाणी जमिनीत सोडून देतात, तेव्हा तेही तेच करत असतात. यंदाचा पावसाळा सरला की तेथे पुन्हा ताळेबंद मांडला जाईल आणि कोणीतरी उभे राहून विचारेल, की या वर्षी पाणी कमी आहे, कोणते पीक सोडायचे? त्या प्रश्नाला गाव एकत्र बसून उत्तर देत राहील तोवर त्याचे भवितव्य त्याच्याच हातात असेल. आपल्या वस्तीतही तो प्रश्न विचारला जावा, एवढीच या व्याख्यानाच्या शेवटी अपेक्षा.